अर्धा पांढरा मनोरा

फार पूर्वीची गोष्ट. एका खाडीच्या काठी चुना भाजणारी एक बाई राहत होती. खाडीला नाव नव्हतं, कारण तिथल्या माणसांना दुसरी खाडी ठाऊकच नव्हती. बाईला मात्र नाव होतं. तिला सगळे आवडा म्हणत.

आवडाच्या हातचा चुना साऱ्या मुलखात नावाजलेला होता. तिचा बाप हेच काम करायचा, आणि त्याचा बापही. रीत अगदी साधी होती. भरतीबरोबर मेलेले, रिकामे शिंपले काठावर येऊन पडत. ते वेचायचे, उन्हात वाळवायचे आणि भट्टीत तिवराच्या, म्हणजे काठावरच्या खारफुटीच्या, वाळक्या फांद्यांवर भाजायचे. भाजलेल्या शिंपल्यांवर गोडं पाणी शिंपडलं की ते फुसफुसत, वाफ सोडत, आणि बघता बघता त्यांचं पीठ होई. ते इतकं पांढरंशुभ्र, की भर उन्हात त्याच्याकडे डोळे किलकिले करूनच पाहावं लागे. देवळाच्या भिंतीला, विहिरीच्या काठाला, एखाद्या लग्नघराला तेवढा चुना पुरून उरायचा. भट्टी वर्षातून मोजक्याच वेळा पेटे. उरलेल्या दिवसांत आवडा शिंपले वेचत फिरे आणि स्वतःशीच गुणगुणे.

तिची धाकटी बहीण ठकू तिच्या शेजारीच राहायची. खाडीच्या बांधाआड जी खोलगट जमीन होती, तिला ते खाजण म्हणत. त्यात ठकू भात लावी. ओहोटीला ती गुडघाभर पाण्यात उतरून कालवं काढी. कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा, खरबरीत पाठीचा शिंपला. एका कालवाच्या पाठीवर दुसरं, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरं, असं करत करत खाडीत पाण्याखाली कालवांचे लांबच लांब कट्टे तयार झाले होते. खाडीच्या तोंडाशी सगळ्यांत मोठा, तो थोरला कट्टा. समुद्राच्या लाटा त्याच्यावर येऊन फुटत आणि मग नुसती झुळझुळ होऊन आत येत.

एका सकाळी धुक्यातून एक होडी आली. होडीत राणीचा मुख्य गवंडी होता, विश्वंभर. पिकलेल्या मिश्यांचा, बोलायला मऊ माणूस.

"आवडाबाई तुम्हीच ना? राणीसाहेबांनी पाठवलंय मला."

आवडाने घाईघाईने पदर सावरला आणि त्याला बसायला पाट दिला.

विश्वंभर म्हणाला, "खाडीच्या पलीकडच्या टेकडीवर मनोरा बांधायचाय. राणीसाहेबांचा धाकटा भाऊ गलबत घेऊन परत येत होता. सांजवेळ होती. काळी टेकडी कुठली आणि काळे खडक कुठले, काही कळलं नाही. गलबत खडकावर आपटलं. कुणीच वाचलं नाही. म्हणून राणीसाहेबांना असा मनोरा हवाय, की दिवेलागणीलाही लांबून नुसता पांढरा दिसावा. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाट कळावी. आणि त्याला चुना तुमचाच हवा."

आवडाने टेकडीकडे पाहिलं. तिला तो मनोरा तिथल्या तिथे दिसायला लागला होता. निळ्या आभाळात कुणी दुधाची धार सोडावी तसा. आपल्या हातचं पांढरेपण दूर दूरच्या गलबतांना दिसणार! तिच्या आजवरच्या आयुष्यात इतकं सुंदर काही कुणी तिच्याकडे मागितलं नव्हतं.

"देते," ती म्हणाली.

मनोरा बांधायला घेतला. तांबड्या जांभ्या दगडाचे थर चढू लागले आणि मागोमाग चुन्याची मागणी येऊ लागली. काठावरचे शिंपले पाहता पाहता संपले. समुद्र नवे शिंपले आणून टाकत होता, पण त्याच्या त्याच्या सवडीने.

"एवढ्याने कसं भागायचं?" विश्वंभर काळजीने म्हणाला. त्याने पाण्यात वाकून पाहिलं. "खाली तर रास पडलीय की!"

"ती जिवंत कालवं आहेत. ती आम्ही भाजत नाही. खाण्यापुरती काढतो तेवढीच."

"केवढी आहेत पण! एक कट्टा काढला तर खाडीला काय कळणार आहे?"

आवडाला ते पटलं. खरं म्हणजे तिला ते पटवून घ्यायचं होतं. आतल्या बाजूचा एक लहानसा कट्टा तिने काढायला लावला. माणसं पहारी घेऊन पाण्यात उतरली. भट्टीला लाकूड पुरेना, तेव्हा काठावरचे उभे तिवरही तोडले गेले. चुना उत्तम निघाला. मनोऱ्याच्या समुद्राकडच्या अंगाला पहिला हात फिरला. आवडा टेकडीवर गेली आणि तिने ओल्या भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. तिला उगाचच हसू आलं आणि रडूही.

त्या दिवसापासून ती जागेपणीही स्वप्नात असल्यासारखी वावरायला लागली. जेवताना ताटातला भात पाहून तिला मनोरा आठवे. बगळा उडाला की वाटे, मनोऱ्याचाच एक कपचा सुटून आभाळात गेला. एक कट्टा संपला, दुसरा काढला. दुसरा संपला, तिसरा.

मधेच कधीतरी ठकू जवळजवळ रिकामी टोपली घेऊन आली.

"ताई, पाणी बघितलंस का?"

"काय झालं पाण्याला?"

"गढूळ झालंय. पूर्वी तळाचं गवत कसं डुलताना दिसायचं. आता हात घातला तर हात दिसत नाही. गवत कुजलंय. त्या गवतात कोळंबीची पिल्लं असायची, ती नाहीत. कोळंबी नाही म्हणून बोय मासे येत नाहीत. काल दिवसभर जाळं टाकून बसले, एवढं मिळालं." ठकूने टोपली उलटी केली. तिच्यातून एक चिंबोरी पडली आणि नांग्या उगारत तुरुतुरु पळाली.

"पहारी चालल्यात ना, म्हणून गाळ उठलाय. बसेल."

"पहारी बंद असतात तेव्हाही बसत नाही, ताई. चल माझ्याबरोबर, बघ."

"मनोरा झाला की सगळं होईल नीट," आवडा म्हणाली. ती बोलत होती ठकूशी, पण तिचे डोळे टेकडीकडे लागलेले होते.

ठकूने चिंबोरीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि टोपली काखेत मारून ती निघून गेली.

पुढे खाडी अगदी निराळीच दिसू लागली. धुकं येई, पण त्याच्या खाली पूर्वीसारखं काही चमकत नसे. खंड्या फांदीवर बसून खूप वेळ पाण्याकडे बघे आणि सूर न मारताच उडून जाई. बगळे दुसरीकडे गेले. कुणी त्यांना हाकललं नव्हतं. ते आपले येईनासे झाले. माणसंही काठावर बसून गप्पा मारीनाशी झाली. त्या पाण्याकडे बघत बसावंसं कुणाला वाटत नव्हतं.

मग उधाणाचा दिवस आला. उधाण काही नवं नव्हतं. दर पुनवेला, दर अवसेला पाणी असं चढायचं आणि उतरायचं. पण आता आतले कट्टे गेले होते. उधाणात थोरल्या कट्ट्यावरून जी लाट आत येई, तिला पुढे अडवायला काही उरलं नव्हतं. काठाची माती मुळांनी धरून ठेवणारे तिवरही नव्हते. भर दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना, पाणी बांधावर येऊन धडकू लागलं. बांध आधी ओला झाला, मग खचला, मग त्याचा एक मोठा लचका आवाज न करता पाण्यात गेला.

लोक धावले. दगड टाकले, पेंढा टाकला. पण खारं पाणी तोवर खाजणात शिरलं होतं. लोंबीला आलेलं भात त्यात माना टाकून उभं होतं. आवडा पोहोचली तेव्हा ठकू आपल्या शेताच्या मधोमध पाण्यात उभी होती. ती रडत नव्हती. ओंजळीत पाणी घेऊन तिने ते जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं.

"गेलं," ती म्हणाली. "जमीन खारवली. आता इथे भात होणार नाही."

पाणी ओसरल्यावर ठकूने सामान बांधलं. नवऱ्याला आणि लेकरांना घेऊन ती दुसऱ्या किनाऱ्याला निघाली. आवडा होडीपर्यंत गेली.

"ठके, राग धरू नकोस गं माझ्यावर."

ठकू होडीत चढली. सामान सावरत म्हणाली, "राग नाही धरत, ताई. पण तू एकदाही माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आली नाहीस. एकदा यायला हवं होतंस."

होडी धुक्यात शिरली. वल्ह्यांचा आवाज तेवढा काही वेळ येत राहिला, मग तोही थांबला.

मनोऱ्याचं समुद्राकडचं अंग एव्हाना वरपासून खालपर्यंत पांढरं झालं होतं. गलबतांवरची माणसं सांगत, की सांजवेळी तो असा उजळतो, जणू कुणी हात वर करून उभं आहे. एक गलबत खडकांच्या अगदी तोंडाशी आलेलं, मनोरा पाहून वळलं आणि सुखरूप घरी गेलं. हे खरंच घडलं होतं आणि ते ऐकून आवडाचा ऊर भरून आला होता. जमिनीकडची बाजू मात्र अजून तांबडी होती. ती रंगवायची, तर चुना हवा. आणि आता खाडीत राहिला होता फक्त थोरला कट्टा.

विश्वंभरने माणसं लावली. कट्ट्याच्या टोकाची कालवं काढून टोपल्या भरभरून भट्टीपाशी आणली. पण आदल्या दिवशीच्या पावसाने लाकडं ओली होती, भट्टी पेटेना.

"उद्या उन्हं आली की पेटवू," विश्वंभर म्हणाला. "तोवर ही नासायला नकोत."

भट्टीशेजारी पाणी साठवायच्या दोन दगडी डोण्या होत्या. लोक त्यांत टोपल्या धुवायचे. संध्याकाळी आवडाने खाडीचं पाणी आणून दोन्ही भरल्या. पाणी तांबूस, गढूळ, ढवळलेल्या ताकासारखं दाट. एका डोणीत तिने कालवं टाकली. दुसरी तशीच ठेवली. मग ती घरी गेली. शेजारचं ठकूचं घर बंद होतं. त्याच्यावरून जाताना तिने मान वळवली नाही.

सकाळी उन्हं आली. आवडा पेटती चूड घेऊन भट्टीपाशी आली आणि डोणीवर वाकली.

डोणीतलं पाणी इतकं नितळ झालं होतं, की आधी तिला वाटलं, डोणी गळून रिकामी झाली. मग तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि चेहऱ्याच्या खाली एकेक कालव स्वच्छ दिसलं. कालवांचे ओठ जरासे उघडे होते. ती पाणी आत घेत होती, बाहेर सोडत होती, इतक्या हळू, की नीट पाहिल्याशिवाय कळलंही नसतं. आजूबाजूला त्यांनी गाळाच्या बारीक बारीक गोळ्या करून टाकल्या होत्या.

आवडाने दुसऱ्या डोणीत पाहिलं. तळाला थोडा गाळ बसला होता, पण पाणी कालच्याइतकंच गढूळ होतं.

ती दोन्ही डोण्यांच्या मधे खाली बसली. चूड तिच्या हातातच जळत राहिली.

म्हणजे गाळ पहारींमुळे नव्हता. नद्या-ओढ्यांचा गाळ खाडीत रोजच येत होता. पूर्वीही येत होता, तिच्या आजोबांच्या काळातही येत होता. आणि ही कालवं रोज, न बोलता, सगळी खाडी पिऊन गाळून परत ठेवत होती. पाणी नितळ म्हणून तळाशी ऊन जायचं. ऊन जायचं म्हणून गवत वाढायचं. गवत होतं म्हणून कोळंबी होती, मासे होते, खंड्या होता, ठकूची टोपली भरलेली होती. आणि तिने त्या सगळ्याचं पीठ करून भिंतीला लावलं होतं. ठकू नुसतं "चल, बघ" एवढंच म्हणत होती.

विश्वंभर आला. "पेटवायची ना, आवडाबाई?"

आवडाने चूड वाळूत खुपसली. "नाही."

"म्हणजे?"

"ही कालवं मी परत नेऊन ठेवणार आहे."

विश्वंभर तिच्याकडे बघतच राहिला. "अहो, राणीसाहेबांना काय सांगू? मनोरा अर्धा राहिलाय! लोक म्हणतील, गवंड्याला काम पुरं करता आलं नाही. आणि तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचं ते होवो. तुम्ही इकडे या आणि आधी हे बघा."

विश्वंभर एका डोणीवर वाकला, मग दुसरीवर. त्याने नितळ पाण्यात बोट बुडवलं तशी कालवं चटकन मिटली. तो दचकला. मग मिशीवरून हात फिरवत त्याने पुन्हा दुसऱ्या डोणीत पाहिलं.

"मी सांगून काही होणार नाही," शेवटी तो म्हणाला. "त्यांना इथेच घेऊन येतो."

तो गेल्यावर आवडाने डोणीत थोडी कालवं ठेवली. बाकीची टोपलीत भरून ती पाण्यात उतरली. कितीतरी दिवसांनी तिच्या पायांना खाडीचं पाणी लागलं. थोरल्या कट्ट्याशी जाऊन ती एकेक कालव जागेवर ठेवू लागली. ठेवता ठेवता तिला तळाशी एक जुना, रिकामा शिंपला सापडला. त्याच्या पाठीवर नखाएवढी, कागदासारखी पातळ, अगदी कोवळी कालवं चिकटलेली होती. ती कुठून आली असतील? पाण्यातूनच वाहत आली असणार, आणि टेकायला जागा शोधत इथे बसली असणार. आवडाने तो शिंपला अलगद परत ठेवला.

राणी आली ती साध्या होडीतून, मोजक्या माणसांसह. वयाने फार नव्हती, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"तुम्ही माझं काम थांबवलंत," ती म्हणाली.

"हो, राणीसाहेब." आवडाने टोपली खाली ठेवली. "शिक्षा करायची तर करा. पण आधी माझ्याबरोबर पाण्यापर्यंत चला."

राणी आली. आवडाने तिला दोन डोण्या दाखवल्या, गढूळ खाडी दाखवली, फुटलेला बांध दाखवला, ठकूचं खारवलेलं शेत दाखवलं. काही लपवलं नाही. "हे तुम्ही नाही केलंत, मी केलं," ती म्हणाली. "तुम्ही मनोरा मागितलात. काय मोडून तो द्यायचा, ते मी ठरवलं. मला तो इतका आवडला होता, की मी दुसरीकडे बघितलंच नाही."

पाण्यावरून मंद वारा येत होता. राणीने मान वर करून मनोऱ्याकडे पाहिलं.

"गवंडी, समुद्राकडची बाजू पुरी झाली?"

"पुरी झाली, राणीसाहेब."

"गलबतांना दिसतो?"

"लांबून दिसतो. परवा एक वाचलं."

"मग राहिलेली बाजू कुणासाठी आहे?"

विश्वंभरने राजवाड्याच्या दिशेला पाहिलं. आवडानेही. ती बाजू गलबतांना दिसतच नव्हती, दिसत होती ती राजवाड्याच्या खिडकीतून.

राणी हळूच म्हणाली, "मला वाटलं होतं, रोज सकाळी उठून तो सगळा पांढरा पाहिला, की माझा भाऊ कुठेतरी आहेसं वाटेल." तिने डोणीतलं एक कालव उचललं. ते तिच्या तळव्यावर मिटून बसलं होतं. "हे कुठे ठेवायचं, मला दाखवा."

आवडाने तिला दाखवलं. राणीची वस्त्रं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली आणि तिने ते कालव कट्ट्यावर ठेवलं.

त्यानंतर भट्टी पेटली नाही असं नाही. ती पेटायची, पण पूर्वीसारखी, काठावर येऊन पडलेल्या शिंपल्यांपुरती. त्यातल्या निम्म्या शिंपल्यांच्याही राशी आवडा लोकांना घेऊन खाडीत नेऊन टाकी, जिथे जुने कट्टे होते तिथे, म्हणजे वाहत्या पिल्लांना टेकायला जागा होईल. लोक आधी हसले. एका पावसाळ्यानंतर शिंपल्यांच्या पाठीवर बारीक खवल्यांसारखी कोवळी कालवं दिसू लागली, तेव्हा तेच लोक न बोलावता टोपल्या घेऊन आले. विश्वंभरच्या माणसांनी बांध घातला. काठावर तिवराच्या शेंगा रोवल्या.

खाडीने फार घाई केली नाही. पाणी काही वर्षं ताकासारखंच राहिलं, मग हळूहळू तांदळाच्या धुवणासारखं झालं. गवत आलं ते आधी थोरल्या कट्ट्याच्या आसपास. खाजणात भात काही परत आलं नाही. तिथे लव्हाळे वाढले.

आवडाचे केस पिकल्यावर एकदा ठकू पाहुणी म्हणून आली. दोघी ओहोटीला पाण्यात उतरल्या. ठकूने वाकून कालवांवर हात फिरवला.

"लहान आहेत अजून," ती म्हणाली.

"हो, लहान आहेत." आवडा जराशी घुटमळली. "राहतेस का गं इथेच आता?"

ठकूने मान हलवली. "तिकडे शेत आहे, ताई. नातवंडं आहेत. आता तिकडचीच झाले मी." मग तिने बहिणीचा हात धरला. "पण येत जाईन. तू बरोबर पाण्यात येणार असशील तर."

मनोरा अर्धाच पांढरा राहिला. समुद्राकडून येणाऱ्याला तो उजळ दिसे. जमिनीकडून पाहणाऱ्याला तांबडा, खडबडीत, भोकाभोकांचा जांभा दिसे. चुन्याच्या गुळगुळीत अंगावर पाखरांना बसता येत नव्हतं, पण या बाजूच्या भोकांमध्ये पाकोळ्यांनी घरटी केली. रोज सकाळी राणी खिडकी उघडायची, तेव्हा सगळी भिंत पंखांनी हलत असे. राणी तिथे उभी राही आणि पाकोळ्या दमून थांबेपर्यंत त्यांच्याकडे बघत राही.

तात्पर्य: निसर्गातली कुठलीही वस्तू उचलण्याआधी ती तिथे कुणाकुणाच्या उपयोगी पडत आहे हे जाऊन पाहावं, आणि आपली गरज कुठे संपली, हे स्वतःला वेळेवर विचारावं.